उणे १७, जाड टायरची सायकल आणि माझं सुती बनियन (शिवाय: रविवारी जुनापाणी, कोण कोण?)

घाटरोडवाला
६ जानेवारी, रात्री २:१०

मंडळी, दीड महिना गायब होतो कारण लेकीकडे अमेरिकेत मिनियापोलिसला गेलो होतो. परवा परत आलो आणि झोपेचं पार खोबरं झालंय, रात्री दोनला टक्क जागा आणि दुपारी ऑफिसात पेंगतोय (रिटायरमेंटला अजून दीड वर्ष आहे, साहेब हा धागा वाचत नसावेत). म्हटलं जागाच आहे तर लिहून टाकू.

जावई सायकलवाला आहे हे लग्न ठरवतानाच मी बघून घेतलं होतं, पगार-बिगार बायकोने बघितला. तर तो म्हणाला बाबा, शनिवारी आमची ग्रुप राईड आहे, येता का? मी खिडकीतून बाहेर बघितलं. पांढरं. झाड पांढरं, गाडी पांढरी, समोरच्याचा कुत्रापण पांढरा. मोबाईलवर उणे १७. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण जावयासमोर नाही कसं म्हणायचं.

सायकल म्हणजे फॅट बाईक. टायर चार इंचाच्या वर रुंद. जावई गेज लावून हवा भरायच्या ऐवजी सोडतच बसला. आपण ट्रेलला २८-३० पीएसआय दाब ठेवतो आणि हा पठ्ठ्या ६ वर आणून ठेवतोय, अंगठ्याने दाबलं तर तिंबलेल्या कणकेत बोट जावं तसा टायर आत गेला. म्हटलं अरे पंक्चर आहे का? म्हणे बाबा, असंच असतं, टायर पसरला की बर्फाच्या वरून चालतो, नाहीतर चाकूसारखा आत घुसतो.

ब्लूमिंग्टनला मिनेसोटा नदीच्या काठाकाठाने सपाट ट्रेल आहे, तिथे गेलो. आम्ही नऊ जण. लोकांनी आधी चालून-चालवून दाबलेली पायवाट, हँडलपेक्षा थोडीशीच रुंद, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भुसभुशीत. पहिली गंमत म्हणजे आवाज. इतक्या थंडीत बर्फ चाकाखाली करकर वाजतो, अगदी नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलेसारखा, आणि नऊ सायकलींचा मिळून एवढा आवाज की पुढचा काय बोलतोय ऐकू येत नाही. दुसरी गंमत पुढचं चाक. ते स्वतःच्या मनाने चालतं. तुम्ही हँडल आवळून धरलं की पडलातच. बैलगाडीवाला कासरा कसा सैल धरतो आणि बैलाला कळतंच कुठे जायचं, तसं करायचं, बूड सीटवर टेकवून, पायडल एकसारखं, झटका म्हणून द्यायचा नाही. मला हे कळेपर्यंत चार वेळा पडलो. लागत नाही, गादीवर पडल्यासारखं, पण उठायला हात टेकवला की कोपरापर्यंत आत, मग हातालाच आधार शोधा.

आता मुख्य किस्सा. पाचेक किलोमीटरवर एकाची सायकल फ्री मारायला लागली. पायडल गरगर फिरतंय, चाक हलत नाही. मागच्या हबमधल्या ग्रीसचं थंडीने मेण झालेलं आणि आतली कुत्री (फ्रीव्हीलचे दात हो, आपल्याकडे मेकॅनिक कुत्रीच म्हणतात) बाहेर येऊन पकडतच नव्हती. मला वाटलं झालं, आता ढकलत जा. त्या माणसाने बॅगेतून झिप टाय काढले आणि कॅसेटचं (मागच्या दातेरी चाकांच्या चवडीचं) सगळ्यात मोठं चाक मागच्या स्पोकला बांधून टाकलं, चार ठिकाणी. झाली फिक्स्ड गिअर सायकल! पायडल थांबवता येत नाही एवढंच, बाकी चालली शेवटपर्यंत. हातमोजे काढून बांधावं लागलं म्हणून दर मिनिटाला हात काखेत घालत होता.

या सगळ्याला पंधरा मिनिटं लागली आणि तेवढ्यात माझा निकाल लागला. कारण सांगतो. वरून जावयाने दिलेलं भारी जॅकेट, त्याच्या आत बायकोने विणलेला स्वेटर, त्याच्या आत थर्मल, आणि सगळ्यात आत आपलं सुती बनियन. जावई म्हणाला होता बाबा आत कॉटन घालू नका. पण मी म्हटलं बनियन न घालता माणूस घराबाहेर पडतो का? चालवताना घामाने थबथबलो होतो, मजेत होतो, जॅकेटची चेन पण उघडली होती. थांबलो तसं पाचव्या मिनिटाला पाठीवर कोणीतरी ओला थंडगार टॉवेल ठेवल्यासारखं वाटलं. दहाव्या मिनिटाला दात वाजायला लागले. मग मी काहीतरी बोललो तर जावई म्हणाला काय? परत बोललो, परत म्हणाला काय? जीभच वळत नव्हती. ग्रुपमधल्या एका साठीच्या बाईने बघितलं, आपल्या बॅगेतून लोकरीचा कोरडा शर्ट काढला आणि मला खुणेने सांगितलं, काढा सगळं. उणे १७ मध्ये, नदीकाठी, जावई आणि सात परक्या लोकांसमोर, झाडाच्या आडोशाला उभा राहून मी ते बनियन काढलं आणि फांदीवर टाकलं. शर्ट घालेपर्यंत मिनिटभर लागलं असेल. बनियन उचलायला गेलो तर ते पापडासारखं कडक. उभंच्या उभं राहत होतं!

मग त्या बाईंनी सायकल चालवू दिली नाही, अर्धा किलोमीटर ढकलत चालवलं, अंगात ऊब आल्यावर मगच बसा म्हणाल्या. एकूण चौदा किलोमीटर, अडीच तास.

तर दोन गोष्टी. एक, ज्यांना विचारायचं त्यांनी विचारा, जेवढं कळलं तेवढं सांगतो. दोन, बर्फ नाही तर नाही, रविवारी १२ तारखेला आपल्या नागपूरजवळच्या जुनापाणीच्या दगडी वर्तुळांपर्यंत राईड काढू. फुटाळा तलावाहून ६:४५. कोण कोण?

---

वऱ्हाडी_चेन
६ जानेवारी, सकाळी ७:३२

काका बनियन उभं राह्यलं 😂😂 फोटो पाह्यजे होता बाप्पा. इथं मी १० डिग्रीत पांघरुणातून निघून नाई राह्यलो अन् तुम्ही उणे सतरात शर्ट काढून राह्यले. रविवारी मी पक्का. पण ६:४५ म्हणजे आपल्या ग्रुपचे ७:३० ना?

---

गणिताचा_तास
६ जानेवारी, सकाळी ९:१५

काका, जावयाने घरात हवा सोडून ६ केली की बाहेर? हे महत्त्वाचं आहे. मास्तर आहे म्हणून गणित करून दाखवतो, झोप येईल त्यांनी पुढची पोस्ट वाचा.

गेज दाखवतं तो दाब बाहेरच्या हवेच्या वरचा असतो. समुद्रसपाटीला बाहेरची हवा १४.७. म्हणजे गेजवर ८ असेल तर खरा दाब २२.७. घरात २० डिग्री आणि बाहेर उणे १५, केल्विनमध्ये २९३ वरून २५८. दाब त्याच प्रमाणात उतरतो, २२.७ चा होतो साधारण २०, त्यातून १४.७ वजा करा, उरले ५.३. म्हणजे घरात ८ भरून निघालेला माणूस बाहेर ५.३ वर चालवतो आणि म्हणतो हवा कोणी काढली! जाड टायरला दाबच इतका कमी की एक तृतीयांश गायब.

आपल्याकडे तेवढं नाही. २५ डिग्रीच्या खोलीत ३० भरली आणि पहाटे ८ डिग्रीत निघालात तर साडेसत्तावीसच्या आसपास. ट्रेलसाठी उलट बरंच. पण डांबरी रोडवरून पिंच (खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर) होत असेल तर हे लक्षात ठेवा.

---

घाटरोडवाला
६ जानेवारी, दुपारी १:०५

बाहेर, गाडीच्या डिकीजवळ. आता कळलं घरी का नाही केली. मी मनात म्हणत होतो याला थंडीत उभं राहायची हौस आहे.

---

पुणेरी_पंप
६ जानेवारी, दुपारी २:४०

चार इंचाचा टायर म्हणजे ट्रॅक्टर चालवण्यासारखं आहे. त्यात सायकलिंग कसलं. आमच्याकडे सिंहगड रोज चढतात लोक, तेवीस मिलिमीटरच्या टायरवर.

---

वऱ्हाडी_चेन
६ जानेवारी, दुपारी २:४४

आले. धाग्यात पुणं येईपर्यंत साडेबारा तास लागले, रेकॉर्ड झाला.

---

धंतोली_ते_डुलुथ
७ जानेवारी, पहाटे ४:२०

घाटरोडवाला काका, आमच्या गावात येऊन गेलात आणि सांगितलं नाही! मी डुलुथला, मिनियापोलिसहून अडीच तास उत्तरेला, अकरा वर्षं झाली. मूळ नागपूरची धंतोली.

पुणेरी पंप, ट्रॅक्टर म्हणता तर त्याची मूळ गोष्ट ऐका. अलास्कात १९८७ साली बर्फातून दोनशे मैलांची इडिटाबाईक नावाची शर्यत सुरू झाली. तेव्हा असे टायर मिळत नव्हते, लोक दोन-दोन रिम शेजारी जोडून त्यावर टायर चढवायचे कारण साधी सायकल बर्फात रुतायची आणि मैलोन्‌मैल ढकलावी लागायची. तिकडे न्यू मेक्सिकोत वाळूसाठी असलाच उद्योग दुसरे लोक करत होते. दुकानात सहज मिळणारी सायकल व्हायला २००५ उजाडलं, सर्ली कंपनीची पग्सली आली तेव्हा. त्यामुळे हौस म्हणून नाही, ढकलून ढकलून कंटाळल्यामुळे झालाय हा टायर.

इथले काही नियम सांगतो, कारण तुम्हा लोकांपैकी कोणी ना कोणी लेकाकडे-लेकीकडे येणारच.

चाक गेल्यावर मागे वळून बघायचं. इंचभरापेक्षा खोल चर पडत असेल तर ट्रेल मऊ आहे, घरी जा. रात्री तो चर गोठतो आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचं पुढचं चाक त्यात अडकतं. इथे याच्यावरून लोक खरंच भांडतात. पार्किंगची भांडणं कमी होतात, चराची जास्त. आणि स्कीवाल्यांसाठी दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात त्यावरून सायकल घातली तर मग तुम्हाला वाचवायला धंतोलीतून कोणी येणार नाही.

पाण्याची बाटली उलटी लावायची, बर्फ वरून धरतो त्यामुळे झाकण खाली असलं की पिता येतं. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी असेल तर प्यायल्यावर फुंकून पाणी परत आत ढकलायचं, नाहीतर नळीत कांडी तयार होते, गोळेवाल्याकडे मिळते तशी, फक्त काला खट्टा नाही. मोबाईल आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेर ठेवला तर ६० टक्क्यांवरून सरळ बंद पडतो आणि घरी आलं की परत ५५ दाखवतो.

क्लीटवाले (पायडलला अडकणारे) बूट नकोत, तळव्याला लोखंड लागून पाय गारठतो. साधं सपाट पायडल आणि एक नंबर मोठे बूट. घट्ट बूट आणि तीन मोजे हा सगळ्यात कॉमन मूर्खपणा, रक्तच पोचत नाही बोटांपर्यंत. हँडलवर गोधडीसारख्या पिशव्या लावतात, त्यात ब्रेक-गिअरसकट हात घालायचे.

खिळेवाले टायर फक्त कडक गुळगुळीत बर्फासाठी, भुसभुशीत बर्फात त्यांचा उपयोग नाही. आणि तळ्यावर जायचं असेल तर चांगला पारदर्शक बर्फ किमान ४ इंच जाड असेल तरच पायी पाऊल टाका, असं इथलं सरकारी खातंच सांगतं. वर बर्फ पडून पांढरं झालं असेल तर जाडी दिसतच नाही. बाकीचे गेलेत म्हणून आपण जायचं नाही.

---

हाडवैद्य
७ जानेवारी, सकाळी ८:५०

काकांनी गमतीत लिहिलंय पण ते गमतीचं नव्हतं. जीभ वळत नव्हती हे वाचून मी चहा खाली ठेवला.

आपल्या भाषेत बोबडी वळणे म्हणतात ना, ते अगदी शब्दशः होतं. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली जायला लागलं की आधी थरथर, मग बटण लागत नाही, चेन लावता येत नाही, मग बोलणं जड, मग पाय अडखळतात. मग माणूस चिडतो किंवा म्हणतो मी ठीक आहे, तुम्ही जा पुढे. असं म्हणणाऱ्याला कधीच सोडून जायचं नाही. आणि थरथर आपोआप थांबली पण माणसाला ऊब मिळालेली नाही, तर ती सगळ्यात वाईट खूण.

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. सुती कापड पाणी धरून ठेवतं. म्हणजे काका ओला टॉवेल गुंडाळूनच उभे होते. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, साधं पॉलिस्टरचं जर्सीचं कापड पाणी धरत नाही, लवकर वाळतं. निघताना जरा थंडीच वाजली पाहिजे, घरातून निघतानाच मस्त गरम वाटत असेल तर कपडे जास्त झालेत.

बोटं पांढरी, बधिर झाली तर चोळायची नाहीत. बर्फाने तर अजिबात नाही, ही सिनेमातली आयडिया आहे. काखेत धरा.

---

दुसरी_गिअर
७ जानेवारी, रात्री १०:२२

मला एक बोलायचंय, धाग्याच्या थोडं बाहेरचं आहे पण नाहीही.

काकांसाठी आठ जण थांबले, एका बाईने बॅगेतला शर्ट काढून दिला, ते वाचून मला आमची गेल्या वर्षीची झिल्पीची राईड आठवली. ग्रुपचं नाव घेत नाही, या फोरमवरचा नाही. डिसेंबर, पहाटे साडेपाचला निघालो होतो, मी सगळ्यात मागे कारण मी नेहमीच मागे असते, नावच दुसरी गिअर आहे. कच्च्या रस्त्यावर बाभळीचा काटा गेला, दोन्ही चाकांत. हाका मारल्या, पुढच्यांचे लाईट दिसत होते, मग वळण आलं आणि ते पण दिसेनासे झाले. ट्यूब एकच होती. अंधारात मोबाईल दातात धरून मी चाक काढलं, हात इतके गार होते की टायर लिव्हर दोनदा पडला आणि शोधायला पाच-पाच मिनिटं लागली. जवळच्या शेतातून काहीतरी सरसरत गेलं. रानडुक्कर असेल, कुत्रं असेल, मी बघायला गेले नाही. पाऊण तासाने एक दूधवाला आला, त्याने कॅनसोबत सायकल बांधून हिंगण्यापर्यंत सोडलं. चहाच्या टपरीवर सगळे पोहे खात बसले होते. एक जण म्हणाला, अरे ताई, आम्हाला वाटलं तुम्ही घरी गेलात.

तेव्हापासून ग्रुप राईडला गेलेले नाही. रविवारी यायची इच्छा आहे. पण मागे कोण राहणार हे आधी ठरणार असेल तरच.

---

बुटीबोरी_एक्स्प्रेस
८ जानेवारी, सकाळी ६:०५

ताई वाईट झालं. पण खरं बोलू का, प्रत्येक राईडला सगळ्यात हळू माणसाच्या स्पीडने जायचं तर मग ट्रेनिंग कसं होणार? मी नाईट शिफ्ट करून येतो, आठवड्यात एक दिवस मिळतो. हळू लोकांनी वेगळी राईड काढावी असं माझं मत. राग नको.

---

दुसरी_गिअर
८ जानेवारी, सकाळी ९:४८

राग नाही. दोन पंक्चर झाल्यावर तुमचाही स्पीड शून्यच होतो भाऊ.

---

घाटरोडवाला
९ जानेवारी, रात्री १:३५

(अजून जागाच.)

ताई, मागे मी राहतो. तिकडे काय करतात ते सांगतो, मला फार आवडलं. निघण्याआधी एक पुढचा आणि एक शेपटाचा ठरतो, आणि शेपटाच्या माणसाकडे पंप, ट्यूब, चेन तोडायचं हत्यार, कोरडा शर्ट, थर्मासमध्ये गरम पाणी. पुढच्यांनी पाहिजे तेवढं पळावं, पण प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि शेपूट दिसल्याशिवाय हलायचं नाही. म्हणजे बुटीबोरी भाऊ, तुमचं ट्रेनिंग पण होतं, फाट्यापर्यंत जीव खाऊन मारा, मग थांबा. थांबलं की आधी जॅकेट चढवायचं, मग फोटो, मग गप्पा. तिकडे हा क्रम कोणी चुकवला की ओरडतात.

आणि एक, अंधारात निघायचं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या औद्योगिक पट्ट्यात) वाघ दिसला होता, २०२१ च्या मे महिन्यात बिबट्या शहरात आयटी पार्काच्या बाजूला फिरत होता, विसरलात का? गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूने जाणार आहोत आपण. उजाडल्यावरच.

---

बुटीबोरी_एक्स्प्रेस
९ जानेवारी, सकाळी ६:१०

फाट्यापर्यंत जीव खाऊन, हे जमते. येतो मी. नाईट करून सरळ येईन, झोपलो तर उठवा.

---

संत्रा_संपला
९ जानेवारी, दुपारी १२:१५

एक गोष्ट कोणी बोललं नाही. १२ तारीख म्हणजे संक्रांतीच्या दोन दिवस आधीचा रविवार. अख्खं नागपूर गच्चीवर. नायलॉन मांजा २०१७ पासून एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) देशभर बंद केलाय आणि तरी दरवर्षी कोणा ना कोणाचा गळा कापतो, आणि सायकलवाल्याला तर विंडशील्ड पण नसते. परत येताना काटोल रोडवर वस्तीतून यायचंय तेव्हा दहा वाजलेले असतील, म्हणजे पतंगांचा पीक टाईम.

जाड मफलर दोन वेढे घ्या, पातळ बफने (गळ्यातल्या कापडी पट्टीने) मांजा थांबत नाही. वस्तीत स्पीड कमी. रस्त्यावर कटलेली पतंग तरंगताना दिसली की आधी ब्रेक, मग विचार. मिनेसोटाला थंडीत गोठायचा धोका, आपल्याले गळा कापायचा.

---

वऱ्हाडी_चेन
९ जानेवारी, दुपारी १२:३१

बरोबर बोलला भाऊ. माझ्या साळ्याच्या हनुवटीले मागच्या साली सहा टाके पडले. मफलर कम्पल्सरी. अन् ट्यूबलेस नसन त सीलंट (भोक बुजवणारं पातळ रसायन) तरी टाकून या बे, जुनापाणीकडे सराटे अन् बाभूळ दोन्ही आहे. अन् पायात लांब मोजे, कुसळं घुसते, मग घरी बायको मशीनमधून एक एक काढते अन् आपल्याले शिव्या देते.

---

गणिताचा_तास
९ जानेवारी, रात्री ८:०५

जुनापाणीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. काटोल रोडच्या बाजूला मोठ्या दगडांची गोल वर्तुळं आहेत, लोहयुगातली, साधारण तीनशे. पुरलेल्या माणसांभोवती रचलेली. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यावर लिहिलं, मग १९६२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी तिथे उत्खनन केलं. संरक्षित जागा आहे. आपल्याला नुसते रानात पडलेले दगड वाटतात आणि लोक त्यावरून सायकल उडवून रील काढतात. वर्तुळाच्या आत सायकल न्यायची नाही, बाहेर आडवी ठेवायची. शाळेची पोरं घेऊन जातो मी तिथे, मला तिथे चाकाचे माग दिसले की फार राग येतो.

---

धंतोली_ते_डुलुथ
११ जानेवारी, सकाळी ७:५५

उद्या तुमची राईड ना? इथे आज उणे २६ आहे. तर्री पोह्यांचा फोटो टाकू नका, माणुसकी ठेवा.

---

दुसरी_गिअर
१२ जानेवारी, संध्याकाळी ७:१८

रिपोर्ट मीच लिहिते, कारण काका परत झोपलेत म्हणे.

अकरा जण आले. निघालो ७:१०, वऱ्हाडी भाऊ ७:०८ ला आले आणि तेच म्हणाले चला उशीर होतोय. माझ्या मीटरवर ९ डिग्री. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपूर ३.५ वर गेलं होतं तेव्हा मी गॅलरीतून तुळशीकडे बघून परत झोपले होते, त्यामानाने प्रगती आहे.

फुटाळ्यावर निघायच्या आधी काकांनी सगळ्यांची तपासणी घेतली. तपासणी म्हणजे, कॉलरमधून बोट घालून बघायचं आत काय आहे. अकरापैकी सात जणांच्या आत सुती बनियन! हाडवैद्य डॉक्टरांच्या पण! डॉक्टर म्हणे माझं काम नुसतं सांगायचं, घालायचं नाही हे मला लागू होत नाही. काका म्हणाले ९ डिग्रीत मरणार नाही कोणी पण फाट्यावर थांबल्यावर मला सांगा कसं वाटतं.

गोरेवाड्याच्या पुढे डांबरी सुटली आणि गवतावर इतकं दव होतं की बूट पाच मिनिटांत ओले. काळी माती वरून नुसती ओलसर, चाकाला लागली तशी फोर्कमध्ये जाऊन बसली, पावसाळ्यात बसते तेवढी नाही पण मागच्या गिअरमध्ये गोळा झाला आणि चेन उडायला लागली. काडीने खरवडत बसले. शेपटाला काका उभे, काही बोलले नाहीत, थर्मासचं झाकण काढून गरम पाण्याची धार सोडली कॅसेटवर, माती सुटून खाली. म्हणे तिकडे बर्फ असाच बसतो, तिकडे पण हेच करतात.

फाट्यावर बुटीबोरी एक्स्प्रेस आणि बाकीचे उभे होते. खरंच उभे होते. आठ-नऊ मिनिटं झाली असतील त्यांना. आणि सगळे बनियनवाले हात काखेत घालून नाचत होते, वारा सुटला होता आणि घामाने पाठ ओली. डॉक्टर सगळ्यात जास्त.

दगडांच्या वर्तुळांपाशी उन्हाची तिरीप आली तेव्हा साडेआठ वाजले असतील. प्रत्येक दगडाची लांब सावली वर्तुळाच्या आत पडली होती आणि दगडांच्या एका बाजूचं दव वाळलेलं, दुसऱ्या बाजूचं तसंच. सरांनी दगडावर कोरलेले वाटीसारखे छोटे खड्डे दाखवले, बोट बरोबर बसतं त्यात. कोणी रील काढलं नाही. पंधरा मिनिटं अकरा माणसं गप्प होती, वऱ्हाडी भाऊसुद्धा.

पंक्चर एकूण पाच, त्यातलं माझं एक, सराटा. काढलं तेव्हा तीन जण टॉर्च धरून उभे होते, सकाळी नऊच्या उन्हात. म्हटलं अहो दिसतंय मला. म्हणे असू द्या ताई.

येताना फेटरीच्या पुढे एक मांजा आडवा आला, खाली, टायरच्या उंचीवर. संत्रा संपला यांच्या चाकात गुंडाळला, थांबून कापून काढला आणि सगळा गोळा करून पिशवीत घातला त्यांनी, मागून कोणी यायला नको म्हणून. मग पोहे. तर्री डुलुथकरांनी मनाई केली म्हणून फोटो टाकत नाही, दोन प्लेट खाल्ले एवढंच सांगते.

---

धंतोली_ते_डुलुथ
१२ जानेवारी, रात्री ९:३०

दोन प्लेट. ठीक आहे. नाही, ठीक आहे.

---

बुटीबोरी_एक्स्प्रेस
१३ जानेवारी, सकाळी ६:२०

फाट्यावर थांबून बोअर होईन वाटलं होतं, नाही झालो. पुढच्या राईडला शेपटाला मी राहतो, एकदा बघू कसं वाटते ते. फक्त काका, तुमच्या बॅगेत काय काय असते ते लिहून पाठवा.

---

हाडवैद्य
१३ जानेवारी, सकाळी ११:४०

आज ऑनलाईन दोन पॉलिस्टरच्या बंड्या मागवल्या. कोणी यावर बोलायचं नाही.

---

घाटरोडवाला
१३ जानेवारी, रात्री ११:५०

आज पहिल्यांदा बाराच्या आत झोप येतेय.

त्या बाईंचा लोकरीचा शर्ट अजून माझ्याकडेच आहे, जावई म्हणाला ठेवा, त्या परत घेणार नाहीत. धुऊन शेपटाच्या बॅगेत टाकलाय, बुटीबोरी भाऊ, बॅग न्यायला शनिवारी घरी या. आणि राईडनंतर माझ्या बॅगेत एक निळा छोटा पंप आलाय, तो माझा नाही. कोणाचा?